श्रावण पाळताना दारू आणि कॉफी एकाच वेळी बंद: देवबागमधल्या एका दादाचं प्रकरण

शनिवार २६ जुलै २०२५, सकाळी साडेदहाची वेळ, बाहेर धो धो पाऊस. दादा छत्री न मिटताच मेडिकलच्या पायरीवर उभा राहिला आणि म्हणाला, "बाय, डोक्याची गोळी दी गो, कालपासून नुसते घण बसतत." मागे वहिनी रिक्षातून उतरत होत्या, त्यांचा चेहरा उतरलेला. दारू सोडून तिसरा दिवस होता आणि दोघांनी मनात ठरवूनच टाकलं होतं की हे सगळं दारू सोडल्यामुळे होतंय.

हे प्रकरण मी दादा आणि वहिनींना विचारून लिहितेय, नाव घालणार नाही. मी फार्मसिस्ट आहे, डॉक्टर नाही, तेव्हा हे वाचून कोणी स्वतःवर प्रयोग करू नका. पण तालुक्याच्या गावात मेडिकलच्या काउंटरवर जे दिसतं ते बऱ्याचदा डॉक्टरांपर्यंत पोचतच नाही, म्हणून लिहावंसं वाटलं.

दादाचं वय ४६. मालवणजवळच्या देवबागला पाच खोल्यांचा होमस्टे, शिवाय पर्यटकांना संगमावर फिरवायला एक बोट. ऑक्टोबर ते मे सीझन. सकाळी सहाला पाहुण्यांना डॉल्फिन दाखवायला न्यायचं आणि रात्री अकरापर्यंत जेवणं, गप्पा, पाहुण्यांबरोबर 'बसणं'. वीसेक वर्षांपूर्वी तो मुंबईत हॉटेलात कामाला होता, कॉफीची सवय तिथली. घरात बाकी सगळे चहावाले, कॉफी एकटा दादा पितो, तीही कडक, दुधाची, इन्स्टंटचा शीग लावलेला चमचा घालून. मी मोजायला लावलं तेव्हा दिवसाला सात कप निघाले, शेवटचा संध्याकाळी सहा-साडेसहाला. एका सपाट चमच्यात ६० मिलीग्रॅमच्या आसपास कॅफीन धरलं तरी सात कपांचं ४२० होतं, आणि चमचा शिगेचा म्हटल्यावर ५०० च्या पुढे. धडधाकट मोठ्या माणसाला दिवसाला ४०० पर्यंत चालतं असं साधारण मानतात.

संध्याकाळी रमची क्वार्टर. सीझनमध्ये आठवड्यातून चार-पाच दिवस, पण पावसात पाहुणे नाहीत, समुद्र बंद, १ जून ते ३१ जुलै मासेमारीलाही बंदी, करायला काही नाही, म्हणून जूनपासून रोज. एक क्वार्टर म्हणजे १८० मिली, त्यात साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जातं, म्हणजे डॉक्टर लोक मोजतात तसे १० ग्रॅमचे सहा ड्रिंक. आपल्याकडे 'एकच क्वार्टर घेतो' हे 'एकच कप चहा घेतो' अशा सुरात सांगतात. आणि ती रम तो कोल्यात घालून घ्यायचा. कोल्यातही कॅफीन असतं हे त्याला माहीतच नव्हतं, म्हणजे रात्री दहा वाजताही थोडं थोडं आत जातच होतं.

आता बघा कसं चक्र चालू होतं. कॅफीन शरीरातून निम्मं कमी व्हायला साधारण पाच तास लागतात. सहाची कॉफी रात्री अकराला निम्मी अंगात शिल्लक. मग डोळा लागत नाही, म्हणून क्वार्टर. दारूने गुंगी येते, माणूस पडतो, पण पहाटे तीन-साडेतीनला दारू उतरायला लागली की झोप तुटते, घाम येतो, घसा कोरडा पडतो, मग कूस बदलत उजाडतं. सकाळी डोकं जड, म्हणून उठल्या उठल्या कडक कॉफी, नाश्त्यानंतर परत. त्याचं म्हणणं काय तर कॉफीशिवाय दिवस चालू होत नाही आणि दारूशिवाय संपत नाही. माझ्या मते ह्या दोन सवयी नव्हत्याच, एकाच दोरीची दोन टोकं होती. पण दोन्ही टोकं सोडायची रीत मात्र वेगळी असते, आणि ह्या प्रकरणात गोंधळ झाला तो तिथेच.

ब्रेक घ्यायचं कारण मोठं काही नव्हतं. जूनमध्ये राज्यात दारूवरचं उत्पादन शुल्क वाढलं, खर्च डोळ्यात यायला लागला. दुसरं म्हणजे माझी उधारीची वही. त्याच्या पानावर मे आणि जून मिळून अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांची अकरा पाकिटं होती. मी वही फिरवून त्याच्यासमोर धरली आणि म्हटलं, दादा, हे मला विकायला बरं, पण तुला घ्यायला बरं नाही. तो काही बोलला नाही. चार दिवसांनी येऊन म्हणाला, "ह्या श्रावणात पाळतंय. गणपती येयसर थेंब नाय."

श्रावण पाळणं आपल्याकडे नवीन नाही. मासे नाहीत, मटण नाही, दारू नाही, गटारीला काय ते उरकून घ्यायचं. मला ही पद्धत मनापासून आवडते, कारण त्या महिन्यात 'घे रे थोडी' म्हणणारा कोणी नसतो, अख्खा गाव तुमच्या बाजूने असतो, नेहमीच्या दिवसांत नकार देताना जी लाज वाटते ती वाटत नाही. पण मला भीतीही ह्याच महिन्याची वाटते.

का ते सांगते. मी शाळेत होते तेव्हा आमच्या वाडीतले एक काका, रोज सकाळ-संध्याकाळ पिणारे, आईने शपथ घातली म्हणून श्रावणात एकदम बंद झाले. दुसऱ्या रात्री हातपाय थरथरायला लागले, फिट आली. तिसऱ्या दिवशी भिंतीवर माणसं दिसतात, किडे चालतात असं ओरडायला लागले. घरच्यांना वाटलं बाहेरची बाधा. देवळात नेलं, गाऱ्हाणं घातलं, कोंबडा कबूल केला, आणि हॉस्पिटलात पोचेपर्यंत अजून एक दिवस गेला. वाचले, पण थोडक्यात. ती बाधा नव्हती. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याच्या मेंदूत दारूचा ब्रेक सतत लागलेला असतो, त्याला तोडीस तोड म्हणून मेंदू अ‍ॅक्सिलरेटर दाबून ठेवतो, आणि एका दिवसात ब्रेक काढून घेतला की गाडी सुसाट सुटते. थरथर, घाम, धडधड साधारण ६ ते २४ तासांत सुरू होते, फिट बहुतेक पहिल्या दोन दिवसांत, आणि भ्रम, भास, ताप हे साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात. ह्यात माणूस दगावू शकतो. गाऱ्हाणं नंतरही घालता येतं, आधी हॉस्पिटल.

म्हणून मी दादाला आधी डॉक्टरांकडे पाठवलं. सोमवार २१ जुलै. डॉक्टरांनी विचारलं ते असं: सकाळी उठल्यावर हात कापतात का, सकाळीच घ्यावीशी वाटते का, आधी कधी फिट आलीय का, मध्ये एखाद-दोन दिवस खंड पडला तेव्हा काय झालं. जूनच्या शेवटी तापात तो तीन दिवस प्यायला नव्हता आणि तेव्हा झोप सोडून काही बिघडलं नव्हतं, हे वहिनींनी सांगितलं. ही माहिती सोन्यासारखी होती. बीपी १५२/९६. रक्तात जीजीटी, म्हणजे लिव्हरचं एक एन्झाइम, ११८, बऱ्यापैकी वाढलेलं, बाकी लिव्हरच्या तपासण्या थोड्या वर. डॉक्टर म्हणाले घरी राहून बंद करायला हरकत नाही, पण पहिले पाच दिवस एकटं राहायचं नाही, बोट न्यायची नाही, रोज बीपी दाखवायचं, थायमिन म्हणजे बी-१ च्या गोळ्या चालू, आणि हात कापायला लागले किंवा बोलणं असंबद्ध झालं तर वेळ न घालवता यायचं. दारू कितीही विचारली तरी कॉफी कोणी विचारली नाही. मीसुद्धा नाही. ही चूक माझीच, कारण सात कपांचा हिशोब मी नंतर लावला.

आषाढी अमावस्या त्या वर्षी गुरुवारी आली, २४ जुलैला. गुरुवार घरात पाळतात, म्हणून गटारी बुधवारीच उरकली. शेवटचा पेग बुधवारी रात्री अकराच्या सुमाराला. गुरुवारी दिवसभर कॉफी नेहमीसारखी, शेवटचा कप संध्याकाळी सहाला. आणि शुक्रवारी, श्रावणाच्या पहिल्या दिवशी, त्याने कोणाला न सांगता कॉफीही बंद केली.

शुक्रवारी दुपारपासून कपाळ आणि डोळ्यांच्या मागे ठणका. घरात पडलेली एक गोळी घेतली, अर्ध्या-पाऊण तासात डोकं उतरलं, तीन-चार तासांनी परत चढलं. रात्री मळमळ. शनिवारी सकाळी उठवतच नव्हतं. "बाय, ह्यांका कायतरी होताहा, सकाळपासून निजान आसत," वहिनी म्हणाल्या. आणि दादा म्हणाला, "माका ह्या मानवना नाय गो. अर्धी क्वार्टर घेतलंय तर बरा वाटात."

शेवटच्या पेगला जवळजवळ ६० तास झालेले, म्हणजे खरोखर धोक्याचा जो काळ असतो त्याच्या मधोमध, त्यामुळे मी हसण्यावारी नेलं नाही. त्याला आत बसवलं. दोन्ही हात पुढे करून बोटं पसरायला लावली आणि वर कागद ठेवला. कागद स्थिर. घाम नाही, नाडी ८४, बीपी १४६/९२. आज वार कुठला, काल काय जेवलास, सगळं नीट सांगतोय. आणि मुख्य म्हणजे तो झोपाळलेला होता. दारू तुटल्याचा त्रास असला तर माणूस टक्क जागा, अस्वस्थ, दचकणारा असतो, एका जागी बसवत नाही. हा तर खुर्चीतच पेंगत होता. हे चित्र जुळेना.

मग मी विचारलं, काल कुठली गोळी घेतली होतीस. वहिनींनी पर्समधून पाकीट काढलं. मागे बारीक अक्षरात पॅरासिटामॉल, आणखी एक औषध, आणि शेवटी कॅफीन, ५० मिलीग्रॅम. डोकेदुखीच्या काही गोळ्यांमध्ये कॅफीन घालतात, त्याने औषधाचा परिणाम वाढतो. मी पाकीट हातात धरूनच विचारलं, "दादा, आज कॉफी किती घेतलंस?"

"कॉफी? ती पण सोडलंय. सोडूचा तर सगळाच सोडूचा."

सगळं तिथे उलगडलं. दिवसभर जागं राहिलं की मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचा पदार्थ साचत जातो, 'आता दमलास, झोप' हा निरोप तो देतो. कॅफीन त्याच्या खुर्चीत आधीच जाऊन बसतं, निरोप पोचत नाही. रोजच असं व्हायला लागलं की मेंदू खुर्च्या वाढवतो. मग एक दिवस कॅफीन आलंच नाही तर त्या सगळ्या वाढीव खुर्च्यांत अ‍ॅडेनोसिन येऊन बसतं, झापड येते, डोक्यातल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि ठणका सुरू होतो. शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत सुरुवात, पहिल्या-दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त, आणि दोन दिवसांपासून आठ-नऊ दिवसांपर्यंत चालू शकतं. दादाचं घड्याळ लावून बघा, गुरुवारी सहाचा कप, शुक्रवारी दुपारी ठणका. जीवाला धोका नाही, पण माणूस पार हतबल होतो, आणि दारू सोडलेल्या आठवड्यात हे आलं तर सगळा दोष दारू सोडण्यावर जातो. दादा त्या सकाळी अर्ध्या क्वार्टरपासून एका हाताच्या अंतरावर होता, आणि ती प्यायची पाळी कॉफीमुळे आली असती.

डॉक्टरांना तिथूनच फोन लावला, सगळे आकडे सांगितले. ते म्हणाले साधी पॅरासिटामॉल दे, दिवसात चारपेक्षा जास्त ५०० च्या नकोत, लिव्हर आधीच दमलंय, आणि कॉफी परत चालू करून हळूहळू कमी करूया, संध्याकाळी मला दाखवून जाऊ दे. शेजारच्या हॉटेलातून एक छोटी कॉफी मागवली. पाऊण तासाने दादाने स्वतःहून छत्री मिटली. तोपर्यंत ती उघडीच होती, दारात, पाणी गळत.

त्याला वाटलं कॉफी परत घेतली म्हणजे व्रत मोडलं. 'सोडायचं तर सगळंच' हा आपल्याकडचा हट्ट फार चांगल्या माणसांना मागे ओढतो असं माझं स्पष्ट मत आहे. कॉफी कपाकपाने उतरवता येते, त्यात कमीपणा नाही. आम्ही ठरवलं ते एवढंच, रविवारपासून तीन कप, चमचा सपाट, दुपारी दोननंतर नाही, मग दर तीन-चार दिवसांनी एक कप कमी. मधे त्याने कॉफीऐवजी चहा ढोसायला सुरुवात केली होती, ते थांबवलं, कारण चहातही कॅफीन असतंच, कपामागे कॉफीपेक्षा थोडं कमी एवढंच. परसातला गवती चहा, आलं आणि गूळ उकळून, चहापत्ती न घालता, हे त्याला जमलं. ६ ऑगस्टला कॉफी शून्यावर आली आणि परत डोकं दुखलं नाही.

दारूचं अवघड होतं ते अंगाचं नाही, वेळेचं. संध्याकाळी सात ते नऊ. वहिनी सांगत होत्या, पडवीत येरझाऱ्या घालायचे, उगाच टीव्ही चालू-बंद करायचे, माझ्यावर खेकसायचे. बंद म्हणजे नुसतं न पिणं नसतं, तिथे दोन तासांचं भगदाड पडतं आणि ते कशाने तरी भरावं लागतं. दादाने बोटीचे जुने दोर काढले आणि ओळीने विणायला घेतले, हाताला काम आणि तोंडासमोर सोलकढीचा तांब्या. मुलगी दहावीला, ती समोर बसून गणितं करायची. तिने मला एकदा सांगितलं की बाबा रात्री आठ वाजता घरात असतात हे मी पहिल्यांदा बघतेय. ती हे तक्रार म्हणून नाही, नवल म्हणून सांगत होती.

झोपेचं मात्र नीट सांगायला हवं, कारण इथे बरेच जण धीर सोडतात. पहिला आठवडा झोप सुधारली नाही, उलट बिघडली, आणि स्वप्नं एवढी, की बुडालेली बोट, वारलेले वडील, सगळं एका रात्रीत. दारू स्वप्नांची झोप दाबून ठेवते, ती थांबली की दाबलेलं उसळून वर येतं, काही दिवसांत बसतं. दादाला सलग पहाटेपर्यंत झोप लागली ती अकराव्या-बाराव्या रात्री. नारळी पौर्णिमेला, ८ ऑगस्टला, मालवणच्या बंदरावर नारळ अर्पण करायला आला होता, तेव्हा गर्दीतून मला हात करून नुसतं 'झोपलंय' एवढं ओरडून गेला.

गणपती २७ ऑगस्टला. दारूबंदीचा तो ३५ वा दिवस. त्याच्या दोन दिवस आधी तपासण्या झाल्या. बीपी १३४/८६, जीजीटी ४९. वहीत ऑगस्टच्या पानावर अ‍ॅसिडिटीचं एक पाकीट. मला ह्यातलं बीपी सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण डॉक्टर जुलैमध्ये बीपीची गोळी चालू करायच्या विचारात होते आणि मग 'आधी महिनाभर बघू' म्हणून थांबले होते.

पुढचं लपवत नाही. मुंबईहून चाकरमानी आले, पाच दिवसांचा गणपती झाला, विसर्जनाच्या रात्री चुलत भावांबरोबर दादा बसला. दोन पेगवर थांबला, म्हणाला पूर्वीच्या निम्म्यातच चढली. हेही सांगून ठेवते, महिनाभर ब्रेक झाला की सहनशक्ती उतरलेली असते, पूर्वीच्या मापाने घेऊ नका, आणि घेऊन बोट तर अजिबात नको. कॉफी सकाळी दोन कप, त्यावर तो टिकला. दारू ऑक्टोबर-नोव्हेंबरात आठवड्यातून दोनदा होती, पण दिवाळीनंतर पर्यटकांची झुंबड आली आणि डिसेंबरात परत चार रात्री. ३१ डिसेंबरच्या आठवड्यात रोज. मला वाईट वाटलं, त्याच्यापेक्षा वहिनींकडे बघून जास्त. तरी हे फुकट गेलं असं मला वाटत नाही, कारण जुलैपर्यंत त्याला दारूशिवायची झोप कशी असते हे आठवतच नव्हतं, आता आठवतं.

ज्यांचं प्रकरण दादापेक्षा पुढे गेलंय, सकाळी हात कापतात, उठल्या उठल्या लागते, त्यांनी श्रावणाची किंवा कसलीच वाट बघू नये आणि एकट्याने बंदही करू नये. १४४४६ ही सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे, १४४१६ टेली मानस, म्हणजे सरकारचीच मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतंय. फोन बायकोने केला, मुलीने केला तरी चालतो.

परवा दादा आला. म्हणाला, ह्या वर्षी (२०२६) अधिक महिना, श्रावण थेट १३ ऑगस्टला, तेवढं थांबवत नाही. महाशिवरात्र १५ फेब्रुवारीला आहे, कुणकेश्वरच्या जत्रेला जायचंय, तर १ फेब्रुवारीपासून जत्रेपर्यंत बंद. ऐन सीझनमध्ये, पाहुणे समोर बसलेले असताना. मी म्हटलं आधी डॉक्टर. म्हणाला, काल जाऊन आलंय. मग खिशातून गोळ्यांच्या पाकिटाचा पुठ्ठा काढून काउंटरवर ठेवला, मागच्या कोऱ्या बाजूवर बॉलपेनने लिहिलेलं, कॉफी २०, २१, २२ जानेवारी दीड कप, २३ पासून एक, २७ पासून अर्धा, आणि खाली दोनदा अधोरेखित केलेलं, कोला नाय.